भेडाघाटची सहल, तब्येत सांभाळून

जबलपूर शहर मागे टाकून वीस-पंचवीस किलोमीटर गेले की नर्मदा आपला रंगढंग बदलते. तोपर्यंत ऐसपैस वाहणारी ही नदी धुवांधारच्या कड्यापाशी अंग चोरते, खाली झेप घेते, तुषारांचा धूर उडवते आणि मग पांढऱ्या, फिकट गुलाबी, मधेच निळसर-करड्या दगडांच्या उभ्या भिंतींमधून सुमारे तीन किलोमीटर अगदी मुकाट्याने जाते. या भिंती कुठे कुठे शंभर फूट उंच आहेत. पंचवटी घाटावरून होडी सुटली की नावाडी तुकबंदी करीत एकेका खडकाची ओळख करून देतो. 'बंदरकूदनी' आली की दोन्ही कडे इतके जवळ येतात की एके काळी माकडे या काठावरून त्या काठावर उड्या मारीत, असे तो सांगतो आणि होडीतली सगळी मंडळी माना वर करून अंतर मोजू लागतात. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० सालच्या चित्रपटात हे कडे दिसले, तेव्हापासून त्यांची कीर्ती देशभर पसरली. २०२१ मध्ये भेडाघाट आणि जवळच्या लम्हेटाघाटाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

महाराष्ट्रातून इथे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नागपूर-अमरावतीकडची कुटुंबे सिवनीमार्गे मोटारीने येतात. मुंबई, नाशिक, जळगावची मंडळी इटारसीमार्गे रेल्वेने जबलपूर गाठतात. बहुतेकांच्या कार्यक्रमात कान्हाचे जंगल असतेच, आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर नर्मदास्नानही असते. म्हणजे एकाच सहलीत वाघ, नदी, देऊळ आणि चांदणे. चार-पाच दिवसांत हे सगळे बसवायचे असते.

मग घरी परतल्यावर फोटोंबरोबर दुखणीही बाहेर पडतात. आजीचे पाय सुजलेले, मुलाला जुलाब, वडिलांची साखर वाढलेली आणि जिने सगळ्यांच्या बॅगा भरल्या तिलाच ताप. 'तिकडचे पाणी बाधले' असे म्हणून विषय मिटवला जातो. पाणी बाधते हे खरेच आहे. परंतु पुष्कळदा पाण्याइतकाच दोष कार्यक्रमाचा असतो. सहल आखली जाते ती घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाच्या हिशेबाने, आणि तिची किंमत मोजतो तो सर्वांत नाजूक माणूस. भेडाघाटचा बेत आखताना आधी घरातली सत्तरीची आजी आणि चार वर्षांचे नातवंड यांचा विचार केला, तर अर्धी दुखणी स्टेशनवरच मागे राहतील.

ऋतू कोणता निवडावा?

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मुळे ही परिक्रमा मराठी घराघरांत पोहोचली. या परिक्रमेचा एक जुना नियम असा की, चातुर्मासात चालायचे नाही, एका जागी मुक्काम करायचा. नियम धार्मिक आहे, पण त्यात शहाणपणही आहे. पावसाळ्यात नदी गढूळ होते, पायवाटा निसरड्या होतात, डास वाढतात. भेडाघाटलाही पावसाळ्यात होड्या बंद असतात. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नौकाविहार नसतो, आणि नदीला पूर आला की धुवांधारचा धबधबाच पाण्याखाली दिसेनासा होतो. वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे. तिथून पाणी सोडले की पातळी झपाट्याने वाढते.

दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत मात्र जबलपूरची थंडी मुंबई-पुण्याच्या माणसाला कमी लेखून चालत नाही. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. चांदण्यातल्या होडीत नदीवरचे गार वारे थेट कानांत शिरते. दम्याच्या रुग्णाने इनहेलर हॉटेलच्या खोलीत न ठेवता खिशात ठेवावा. कानटोपी घालून काढलेला फोटो चांगला दिसत नाही ही तक्रार मुलांची असते, आणि ती ऐकू नये.

उन्हाळ्यात जाणे टाळता येत नसेल, कारण शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात, तर दिवस दोन तुकड्यांत कापावा. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत धबधबा आणि संध्याकाळी होडी. मधला सगळा वेळ खोलीत. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि भेडाघाटचे ऊन नुसते वरून येत नाही. पांढरा दगड ते परत फेकतो. छत्री धरली तरी खालून चेहरा भाजतो. होडीत तर वर ऊन, खाली पाणी आणि दोन्ही बाजूंना संगमरवर. म्हणून टोपीबरोबर गॉगल आणि अंगभर सुती कपडे हवेतच.

उष्माघात ओळखणे कठीण नाही, पण तो वेळेत ओळखावा लागतो. उन्हातून आलेला माणूस घामाघूम आहे, डोके दुखते म्हणतो, मळमळते म्हणतो, तोवर त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी, ताक, कैरीचे पन्हे दिले की तो सावरतो. पण अंग तव्यासारखे तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर ते साधे 'ऊन लागणे' नाही. कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. जबलपूरला नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे सरकारी रुग्णालय आहे, हे रिक्षावाल्याला सांगता आले तरी वेळ वाचतो.

तीर्थाचा एक घोट

आता पाणी. भेडाघाटला आलेली आजी घाटाच्या पायरीवर बसते, ओंजळीत नर्मदेचे पाणी घेते, डोळ्यांना लावते आणि एक घोट पिते. तिला कोण अडवणार? सून गप्प बसते, कारण बोलले तर श्रद्धेवर बोलल्यासारखे होते. पण नदीचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ग्वारीघाट, तिलवाराघाट ही जबलपूरची गजबजलेली स्नानाची ठिकाणे भेडाघाटच्या वरच्या अंगाला आहेत. हजारो लोक जिथे अंघोळ करतात, कपडे धुतात, निर्माल्य सोडतात, तेच पाणी पुढे या कड्यांमधून वाहते. ते हिरवेगार आणि नितळ दिसते हे खरे. पण कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाचे जंतू नितळ पाण्यातही दिसत नाहीत.

वाद न घालता यातून मार्ग निघतो. आजीला पाणी डोळ्यांना लावू द्यावे, डोक्यावर शिंपडू द्यावे. पिण्यासाठीचे तीर्थ गडूत भरून खोलीवर आणावे, गाळून, एक मिनिट खळखळ उकळून, निववून द्यावे. उकळल्याने त्याचे नर्मदापण जात नाही, हे बहुतेक आज्यांना पटते. गाळण्याची आपली जुनी पद्धतही अगदीच टाकाऊ नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. मात्र कावीळ करणारा विषाणू कापडातून सहज निघून जातो. म्हणून गाळणे हे उकळण्याच्या आधीचे काम, त्याऐवजीचे नव्हे. उकळण्याची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या बरोबर ठेवाव्यात. गोळी टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते, तेवढाही धीर पुष्कळांना नसतो.

बाटलीबंद पाणी घ्यायचे तर झाकणाचे सील हाताने तोडताना 'कट्' असा आवाज आला पाहिजे. रिकामी बाटली टाकण्यापूर्वी चुरगाळावी, म्हणजे ती पुन्हा भरून विकली जात नाही. उसाचा रस, सरबत यांत बर्फ नको. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसते. दात घासायलाही पिण्याचेच पाणी वापरावे. ही गोष्ट हटकून विसरली जाते.

खाण्याच्या बाबतीत मात्र लोक उलटी काळजी घेतात. कढईतून समोर निघालेली भजी 'बाहेरचे तेलकट' म्हणून नाकारतात आणि शेजारी चिरून ठेवलेली काकडी, पपई 'आरोग्याला चांगली' म्हणून मुलांना देतात. जंतूंचा विचार केला तर कढईतली गरम भजी निर्धास्त खावीत. चिरलेल्या फळांवर माश्या, धूळ आणि शिंपडलेले पाणी असते. भज्यांबरोबरची पातळ हिरवी चटणीही टाळावी. संपूर्ण फळ घ्यावे, धुवावे, आपल्या सुरीने सोलावे. जबलपूरची खोव्याची जिलबी प्रसिद्ध आहे, ती ताजी, गरम घ्यावी. या भागातले गक्कड-भर्ता हे जेवण तर प्रवाशासाठी फारच सोयीचे: निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत. गक्कड थेट आगीतून ताटात येते. भरतात कच्चा कांदा-कोथिंबीर नको असे आधी सांगितले की झाले.

आणि हात. धबधब्याच्या कठड्याला, रोपवेच्या दांडीला, होडीच्या काठाला, तिकिटाच्या खिडकीला लागलेले हात तसेच भज्यांच्या पुडीत जातात. साबणाची वडी डबीत घालून पर्समध्ये ठेवण्याची आपल्या आयांची पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे.

तिने पाणीच प्यायले नाही

प्रवासातले एक दुखणे असे आहे की त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. नागपूरहून निघालेल्या गाडीत सगळे पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करीत असतात, पण घरची सून किंवा सासू दोन घोटांवर थांबते. विचारले तर 'तहान नाही' म्हणते. खरे कारण वेगळे असते. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल की नाही याची तिला खात्री नसते. ढाब्यावरचे दार नीट लागत नाही, आत पाणी नसते, बाहेर पुरुषांची रांग असते. म्हणून ती पहाटेपासून पाणीच पीत नाही, आणि आलेली लघवीही चार-चार तास रोखून धरते.

दोन दिवसांनी जळजळ सुरू होते, ओटीपोटात दुखते, थंडी वाजून ताप येतो. मूत्रमार्गाचा हा संसर्ग प्रवासातल्या बायकांना वारंवार होतो आणि त्याला 'उष्णता वाढली' असे नाव देऊन सब्जा, धण्याचे पाणी यांवर भागवले जाते. उन्हाळ्यात तर पाणी न पिणारी हीच बाई उन्हाने आधी कोसळते. गरोदर स्त्री आणि मधुमेही स्त्री यांच्यासाठी हे अधिक धोक्याचे आहे. ताप आणि पाठीत बरगड्यांखाली दुखणे सुरू झाले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, तेव्हा सहल थांबवून डॉक्टर गाठायला हवा.

याची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकू नये. गाडी चालवणाऱ्याने दर दोन तासांनी, कोणी न मागता, चांगला पेट्रोल पंप किंवा हॉटेल पाहून गाडी थांबवावी. 'कोणाला जायचे आहे का?' असे सर्वांसमोर विचारले की उत्तर 'नाही' असेच येते. नुसते थांबावे. भेडाघाटला पोहोचल्यावर होडीत बसण्यापूर्वीच स्वच्छतागृहाची सोय पाहून घ्यावी, कारण नौकाविहार जवळजवळ तासभर चालतो आणि रांगेत त्याहून जास्त वेळ जातो. कागदी साबण, पाण्याची एक वेगळी बाटली, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आणि सॅनिटरी पॅड तिच्या हातपिशवीत असावेत, डिकीतल्या सूटकेसमध्ये नव्हे.

थांबण्याचा फायदा बाकीच्यांनाही होतो. सलग बसून पाय सुजतात, आणि वयस्कर किंवा स्थूल माणसाच्या पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावे, दूरवर पाहावे, मोबाइल बाजूला ठेवावा. उलटीवरची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते.

अनवाणी पाय आणि शंभर पायऱ्या

धुवांधार आणि घाट यांच्या मधल्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरी राजवटीतले, दहाव्या शतकातले हे गोलाकार मंदिर, भग्न झालेल्या योगिनींच्या मूर्तींची ओळ आणि मधोमध गौरीशंकर. मूर्तिकलेत रस असणाऱ्याने ते चुकवू नये. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. 'एवढे आलोय तर वर जाऊच' हा आग्रह इथे हमखास होतो. ज्यांना जिना चढताना छातीत दुखते किंवा धाप लागते त्यांनी खालीच बसावे, आणि बाकीच्यांनी त्यांना भरीला घालू नये. जे चढतील त्यांनी वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर थांबत चढावे.

मधुमेही माणसासाठी इथे एक वेगळाच धोका आहे. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते. मंदिरात चपला काढून दुपारच्या तापलेल्या दगडावर चालताना इतर लोक उड्या मारीत चालतात आणि हा शांतपणे चालतो, कारण त्याला चटका कळतच नाही. रात्री तळपायाला फोड दिसतो. तो भरायला महिने लागू शकतात. अशा माणसाने जाड पायमोजे घालावेत, देवळात सकाळी जावे आणि रोज रात्री तळपाय आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. इन्शुलिन बंद मोटारीत, डॅशबोर्डवर ठेवू नये, आणि थेट बर्फावरही नको. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या डब्यात ते सांभाळता येते. होडीच्या रांगेत जेवणाची वेळ टळते, म्हणून खिशात साखर आणि बिस्किटे हवीत. रक्तदाबाच्या गोळ्या 'प्रवासात सारखी लघवी होते' म्हणून परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. गोळीची वेळ बदलता येते का हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आग्या माश्यांचे राज्य

भेडाघाटच्या कड्यांवर आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लटकतात. एकोणिसाव्या शतकात इथे नर्मदेवर रेल्वेपूल बांधण्यासाठी पाहणी करायला आलेल्या इंग्रज अभियंत्यांवर या माश्यांनी हल्ला केल्याची हकीकत त्या काळच्या इंग्रजी लिखाणात येते. जीव वाचवण्यासाठी ते पाण्यात उतरले. डोके वर काढले की माश्या तुटून पडत. त्यांतला एक जण बुडून मेला. नागपूरहून येताना वाटेत लागणाऱ्या सिवनीच्या जंगलात किपलिंगने आपला मोगली वाढवला. त्याच्या १८९५ सालच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्येही नदीकाठच्या कड्यांवरच्या अशाच माश्यांची दहशत आहे. गोष्टीत मोगली माश्यांना चिडवून, नदीत उडी मारून सुखरूप निसटतो. खऱ्या माणसाने हा प्रयोग करू नये.

होडीत सिगारेट ओढणे, उदबत्ती पेटवणे, कड्यांच्या दिशेने खडा मारणे, प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकणे हे सगळे टाळावे. नावाडी 'आवाज नको' म्हणतो तेव्हा तो मजा घालवत नसतो. उग्र अत्तरही त्या दिवशी नको. किनाऱ्यावर माश्या अंगावर आल्या तर ओढणीने, शर्टाने तोंड-डोके झाकून सरळ रेषेत पळावे आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरावे. हात झाडत एका जागी उभे राहणे सर्वांत वाईट. होडीत असाल तर उडी न मारता चादर, पंचा, मिळेल ते पांघरून दबून बसावे.

मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि विष सोडत राहते. ती नखाने खरवडून, जशी निघेल तशी, पण ताबडतोब काढावी. चुना, तंबाखू, माती चोळू नये. थंड पाण्याची पट्टी पुरते. परंतु ओठ-जीभ सुजू लागली, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपचारात एक मिनिटही दवडू नये. ही तीव्र ॲलर्जी अर्ध्या तासात जीव घेऊ शकते आणि तिच्यावर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय आहे. मुलांना पंधरा-वीस डंख झाले असतील तर ती बरी दिसत असली तरी रुग्णालयात न्यावीच. तसेच कुत्रे किंवा माकड चावले, नुसते ओरखडले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. 'घरी गेल्यावर घेऊ' म्हणणे म्हणजे जिवाशी खेळ.

धुवांधारच्या कड्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कठड्याच्या पलीकडचा संगमरवर सतत भिजून काचेसारखा गुळगुळीत झालेला आहे. तिथे पाय घसरला तर पट्टीचा पोहणाराही उपयोगाचा नाही. होडीत जीवरक्षक जॅकेट घालावे, त्याचे पट्टे बांधावेत. मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट नुसते पांघरून चालत नाही, ते पाण्यात डोक्यावरून निसटते.

पुडी आणि चिमूट

एवढी काळजी घेऊनही जुलाब होऊ शकतात. तेव्हा औषधांच्या डब्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ओआरएसची पुडी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. जिथे वीस-तीस टक्के रुग्ण दगावत होते तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर लिहिलेले असते. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घालणे मुलासाठी धोक्याचे आहे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. ओआरएसच्या नावाने खोक्यांतून विकली जाणारी गोड पेये हे औषध नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. लहान मुलाला दर एक-दोन मिनिटांनी चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, आणि शौचातून रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. मागच्या खेपेच्या उरलेल्या ॲण्टिबायोटिक गोळ्या तर घरीच ठेवाव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर सरळ रुग्णालय.

डब्यात पुडीखेरीज थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, पट्ट्या, जंतुनाशक आणि प्रत्येकाच्या नेहमीच्या औषधांचा दोन दिवस पुरेल इतका जादा साठा असावा. हा डबा सदैव हातातल्या पिशवीत. औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असले की एक फोन हरवला तरी अडत नाही.

परतल्यानंतर

भेडाघाटहून मंडलामार्गे कान्हाला जाणाऱ्यांनी डासांचा विचार करायलाच हवा. मंडला हा जंगलाचा, डोंगराळ जिल्हा हिवतापासाठी पूर्वीपासून ओळखला जातो. २०१७ मध्ये तिथल्या १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि आजार पुष्कळ घटला. त्यात भाग घेणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्य संस्था जबलपुरातच आहे. तरीही संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायमोजे, डासांचे मलम आणि रात्री मच्छरदाणी यांना पर्याय नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम सकाळीही लावावे.

सहलीहून आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला की तो सहलीशी जोडलाच जात नाही. मुंबईतला किंवा पुण्यातला डॉक्टर 'व्हायरल' समजून औषध देतो, कारण रुग्ण कान्हाचे नावच काढत नाही. हिवतापाचा ताप चावल्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी, कधी महिन्याने येतो आणि त्याचा एक प्रकार तर कित्येक महिने यकृतात दडून बसतो. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात, दूषित पाण्याच्या काविळीला दोन ते सहा. तेव्हा दोन महिन्यांच्या आत घरात कोणालाही ताप आला तर दवाखान्यात पहिले वाक्य 'आम्ही अमुक तारखेला जबलपूर-मंडल्याकडे होतो' हेच असावे आणि हिवतापासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे.